स्कूटरची किल्ली मी नेलीय

अहो,

स्कूटरची किल्ली शोधत बसू नका, माझ्या पर्समध्ये आहे. आज उचगावला केएमटीच्या बसनंच जावा. भाकऱ्या डब्यात भरल्यात, आमटी तेवढी गरम करून घ्या. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून छापखान्यात गेलेय.

हसू नका. मागच्या कादंबरीत मी सासूचा पाय मोडला, तर पुस्तक येऊन महिना झाला नाही तोवर आईंचा मोडला. तोच, डावा. तेव्हा आपण दोघंही हसलो होतो. या वेळी शेवटच्या प्रकरणात नवरा उसाच्या ट्रॉलीखाली जातो, उचगावच्याच रस्त्यावर. काल प्रुफं वाचताना माझ्या ध्यानात आलं की. वह्या तपासायच्या, भाकऱ्या थापायच्या आणि मधेच दोन पानं लिहायची, त्यात नवीन काही सुचायला सवड कुठाय? घरात हाताला लागतं तेच उचलते. गाडीचा नंबरसुद्धा आपल्याच स्कूटरचा टाकलाय मी.

ते पान मशीनवर चढायच्या आत मला गाठायचंय. माणूस जिवंत ठेवते, मग कादंबरी पडली तर पडू दे. शेजारच्या मल्लेशनं त्याची गाडी देऊ केली तरी घेऊ नका.

आणि भूमिकाला शाळेत चालत सोडा, पाया पडते तुमच्या. कादंबरीत ती मागच्या सीटवर बसलीय.

वर्षा