आबांची दाढी आणि दोन दगड

महाड, ६ जानेवारी २०२५

सौ. श्रुतिकावहिनींस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आबांनी माझी खुशाली विचारण्याआधी तुमच्या दगडाची सांगितली. तुमच्या आजोबांचा शिवथरचा पिवळा दगड, त्यावर तुम्ही लावलेली वस्तऱ्याची धार, आणि तुम्हीच केलेली दाढी. आबा स्वतः वस्तरा धरायचे सोडून सुनेकडून दाढी करून घेतात, हे मला नवीनच.

त्या वस्तऱ्याला मी नववीपासून धार लावली आहे. नोकरी लागली तेव्हा आबांनी त्यांचा हिरवट जर्मन दगड मला दिला. आता धार तुझ्याकडेच, म्हणाले. दिवाळीनंतर वस्तरा एकदाही महाडला आलेला नाही.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी रोज पोलादच तपासते. तुमचा दगड एक दिवस पाठवा. दोन्ही धारा सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. राग नाही, खरं काय ते कळावं इतकंच.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.
अनुपमा

पोलादपूर, ९ जानेवारी

कु. अनुपमाताईंस,
स. न. वि. वि.

तुमचं ‘राग नाही’ यांना वाचून दाखवलं, तर हसता हसता चहा नाकात गेला तुमच्या दादांच्या. दगड काही मी पाठवायची नाही. माहेरची भांडी इथल्या भांड्यांत मिसळून गेली, हा दगड तेवढा माझा उरलाय.

शिवाय दाढी काय सूक्ष्मदर्शकाची करायची आहे? आबांच्या गालांनाच विचारू. त्यांच्या जोडीतला एक वस्तरा यांच्या टेम्पोतून पाठवतेय. तो तुमच्या दगडावर लावा, दुसरा मी माझ्या दगडावर लावते. एक गाल तुमचा, एक माझा. सून सासऱ्याची दाढी करते म्हणून शेजारच्या रंगूबाईंनी नाक मुरडून झालंय, आता तुम्हीही मुरडा. पण मी इथे रोज जेवताना आबांकडून ऐकते, की आमच्या अनूची धार म्हंजे धार, तशी कुनाला जमायची नाय. एकदाचा निकाल लागू दे.

माया पातळ करू नये.
श्रुतिका

महाड, १३ जानेवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

वस्तरा आणि संक्रांतीचा तिळगूळ पाठवत आहे. गोड बोलणं निकालानंतर.

धार शंभर पट मोठी करून पाहिली. कड सरळ आहे, ओरखडे उथळ आहेत. आता अटी. दोन्ही वस्तरे चामड्याच्या पट्ट्यावर सारखेच घासा. साबण एकच, पाणी तितकंच गरम. आबांच्या डोळ्यांवर टॉवेल ठेवा. माझा वस्तरा उजव्या गालाला, तुमचा डाव्या. पुढच्या खेपेला बाजू बदला. पोलाद एकच, हात एकच, माणूस एकच. फरक निघाला तर तो दगडाचाच असेल.

लोभ निकालावर अवलंबून नसावा.
अनुपमा

पोलादपूर, १८ जानेवारी

कु. ताईंस,
स. न. वि. वि.

पहिल्या खेपेला तुमच्या वस्तऱ्याला आबा म्हणाले, ओढतोय गो जरा. माझा फिरला तेव्हा म्हणाले, कधी फिरला कळलंच नाय. मी दिवसभर गाणं गुणगुणत होते, यांनी टोकलं तेव्हा थांबले.

आज बाजू बदलली. तुमचा वस्तरा डावीकडे, आणि आबा म्हणाले, कळलंच नाय. माझाच ओढायला लागला! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बरोबरी झाली. आता हे संपवू या.

जिव्हाळा असावा.
श्रुतिका

महाड, २० जानेवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

बरोबरी झालेली नाही. दोन्ही वेळा डावा गाल जिंकला. दोन्ही गाल सारखे असतात, असं मी तपासल्याशिवाय धरलं होतं.

आबांच्या डाव्या गालाला काय झालं आहे?

अनुपमा

पोलादपूर, २१ जानेवारी

अनुपमाताईंस,
स. न. वि. वि.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी आबांच्या हातातून कप पडला. डावी बाजू बधिर झाली होती, बोलणंही अडखळत होतं. लगेच महाडला दवाखान्यात नेलं. आता चालतात, बोलतात, गोळ्या वेळेवर घेतात. हाताला कंप आहे, म्हणून वस्तरा मी धरते. गाल अजून बधिर आहे.

त्यांनी मला देवापुढे उभं करून शपथ घातली, की अनूला कळवायचं नाय. ती नोकरी टाकून येईल आणि माझं पाणीसुद्धा मोजून देईल, म्हणाले. सारखं विचारत होते, अनूची धार कोणती, अनूची कोणती. मी सांगितलं नाही.

राग धरा, पण माया सोडू नका.
श्रुतिका

महाड, २३ जानेवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तो दवाखाना माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर आहे. त्या दिवशी मी महाडातच होते.

तुमचा दगड चांगला आहे. त्याचं मला आता काही वाटत नाही. आबांनी शपथ तुम्हाला घातली, त्याचं वाटतं.

रविवारी सकाळच्या एसटीने येते. त्यांना सांगू नका. त्यांचं इतकं गुपित ठेवलंत, माझंही एक ठेवा. डावा गाल तुमच्याकडेच असू द्या. उजव्याला शुक्रवारपासून हात लावू नका. तिथे त्यांना कळतं.

लोभ असू द्यावा, निम्मा तरी.
अनुपमा