कडू बी, कडू गोळी

११ जुलै १९९६
ताप पुन्हा १०४! क्विनीनचा आज चौथा दिवस. गोळ्या माझ्याच दुकानातल्या, खोकं मीच फोडलेलं, लादिपोला दर आठ तासांनी भरवतेही मीच. मग उतरत का नाही?
सासूबाई दारातूनच — "औषधाचं दुकान घरचं आणि नवरा अंथरुणात! छान!"
मी पुढची गोळी मोजून काढली.

१२ जुलै
लादिपोला विचारलं, "कानात काही वाजतंय?"
"नाही गं."
क्विनीन घेतलं की कान वाजतात. गिऱ्हाइकं तीच तक्रार घेऊन येतात. याचे का नाहीत? गोळ्या थुंकतो की काय? तोंड उघडायला लावलं तर चिडला — "मी काय लहान आहे, अबिके?"
गोळ्या खोट्या म्हणाव्यात तर पलीकडची शिंपीण याच खोक्यातल्या गोळ्यांनी बरी झाली. कान वाजतात म्हणून मला शिव्या घालत घालत!

१३ जुलै
बरळतोय. मला ओळखलं नाही. डॉक्टर ओसागी म्हणाले, "इबादानच्या मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल." कशानं? गावात पेट्रोलचा थेंब नाही.
चादर बदलताना उशीखाली तपकिरी सालं सापडली. ओरोग्बो, ते कडू बी!
गेल्या वर्षी इफे शहरात औषध-दुकानदारांच्या सभेत एक बाई सांगत होत्या — हे बी चघळणाऱ्यांच्या रक्तात क्विनीन कमी पोचतं. मी तेव्हा जांभया देत होते.
सासूबाईंना विचारलं — "आई, हे कुणी दिलं त्याला?"
"मी. दिवसाला सहा-सात. विष उतरतं त्यानं. याचे आजोबा नव्वदीपर्यंत चघळत होते."
"आई, औषध अंगी लागू देत नाही ते!"
"म्हणजे मी माझ्या पोराला मारतेय?"
मी गुडघे टेकले. "गोळ्या संपेपर्यंत देऊ नका. मग पोतंभर द्या." त्या बियांची टोपली उचलून बाहेर गेल्या.
माझा अंदाज चुकला तर? तो गेला तर? या घरात मी तोंड कसं दाखवू?

१४ जुलै
१०३. डॉक्टर म्हणतात, गाडी मिळाली की निघा. मिळत नाही.

१६ जुलै
सकाळी लादिपो ओरडला — "डोक्यात कोण घंटा बडवतंय? बंद करा ती!"
मी रडायलाच लागले. सासूबाई घाबरल्या. त्यांना सांगितलं — औषध पोचलं, आई! तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वाजू दे रे राजा, वाजू दे!"
दुपारी १००. वाटीभर ओगी, मक्याची पेज, प्याला, वर साखर कमी म्हणून कुरकुरला!

१९ जुलै
ताप नाही. सासूबाई दुकानात येऊन बसतात. गोळ्या घ्यायला येईल त्याला दरडावतात — "गोळी चालू असताना ओरोग्बो नाही, समजलं?" सगळ्या बाजारात बातमी केली!

२० जुलै
फोलाकेची आई आली होती. फोलाके मे महिन्यात मलेरियानं गेली. क्विनीन माझ्याकडचंच होतं. बाजारातली बातमी ऐकून आली. भांडायला नाही, नुसतं विचारायला —
"पण अबिके, तेव्हा तिच्या खोकल्यावर ओरोग्बो चघळायला तूच सांगितलं होतंस ना गं?"
हो. मीच.