सरकारने एक सेंटही देऊ नये

१२ जानेवारी २००८, स्टॉकटन, कॅलिफोर्निया
शेजारच्या एफ्राइन झामुडिओचं घर बँकेने घेतलं. सामान ट्रकमध्ये भरत होता. मी मदतीला गेलो आणि ऐपत बघून घर घ्यावं, असा सल्लाही दिला. रॉन्डाने रात्री विचारलं, अहो, आपलंही व्याज जूनमध्ये वाढतंय ना? मी म्हटलं, आपली गोष्ट वेगळी. आपण विचार करून घेतलंय. (कागद वाचले नव्हते. विचार केला होता.)

२ मार्च
खासदाराला पत्र: अंथरूण पाहून पाय न पसरणाऱ्यांना सरकारने एक सेंटही देऊ नये. गल्लीभर सह्या गोळा करायला निघालो. चौदा घरं, त्यातली नऊ रिकामी. सह्या दोन. दुसरी रॉन्डाच्या वतीने मीच केली.

१७ मार्च
न्यूयॉर्कच्या एका बड्या बँकेला सरकारने सावरलं. ते वेगळं. ती बुडाली तर सगळेच बुडतील. रॉन्डा म्हणाली, आणि आपण बुडालो तर? बायकांना अर्थशास्त्र समजावणं कठीण.

१ जून
हप्ता चौदाशेवरून तेवीसशे पन्नास डॉलर. छपाईची चूक असणार. उद्या फोन.

२ जून
चूक नाही.

१९ जून
नवीन कर्ज मिळत नाही, घराची किंमत निम्मी झालीय. बँकेतल्या मुलीने सांगितलं, मदतीची योजना आहे, पण हप्ते थकवलेल्यांसाठी. मी छाती फुगवून म्हटलं, माझा एकही थकलेला नाही. ती म्हणाली, तीच तर अडचण आहे, सर. तीन महिने भरू नका, मग फोन करा. रॉन्डा म्हणाली, हे लिहून घ्या. एवढी गोड मुलगी, तिच्याकडून लिहून काय घ्यायचं!

१ जुलै
आयुष्यात पहिल्यांदा हप्ता भरला नाही. हे थकवणं नव्हे, नियोजन आहे. रॉन्डाला स्टेक खायला नेलं. तिने सूप घेतलं.

१ ऑक्टोबर, सकाळी ९
तीन महिने पूर्ण! फोन केला. ती मुलगी नोकरीवर नाही. नवा माणूस म्हणाला, असं कुणी सांगितलं तुम्हाला? उत्पन्नाचे कागद फॅक्स करा.

३ ऑक्टोबर
सरकारकडून सातशे अब्ज डॉलरची मदत मंजूर! मी तत्त्वाचा माणूस, पण आज टाळ्या वाजवल्या. फोन केला. तो म्हणाला, ते आम्हा बँकांसाठी आहेत, सर. तुमचे कागद मिळाले नाहीत. पुन्हा फॅक्स करा.

२८ ऑक्टोबर
पाचवा फॅक्स. दारावर जप्तीची नोटीस. ही केवळ औपचारिकता.

६ फेब्रुवारी २००९
कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव. आमच्या घरावर कुणीच बोली लावली नाही. बँकेनेच घेतलं. दोन मिनिटं लागली. घरी येऊन ढसाढसा रडलो.

१६ फेब्रुवारी
अखेर बँक मदतीला आली! घर झाडूनपुसून रिकामं दिलं तर हजार डॉलर. रॉन्डा बहिणीकडे पुढे गेली. दोन दिवस ओव्हन घासतोय.

१८ फेब्रुवारी, दुपारी
बँकेचा माणूस आला. कपाटं उघडून पाहिली, नळ सोडून पाहिले. म्हणाला, इतकं स्वच्छ घर या गावात कुणी दिलं नाही. बरं वाटलं. किल्ल्या दिल्या. तेवढ्यात लघवीला लागली. जाऊन येऊ का, विचारलं. तो म्हणाला, राहू द्या ना, सर. आत्ताच तर साफ केलंय.