दातांखालची माती

ती. आईस,

तुझ्या बबीचा कच्छहून जय भीम. बोअरच्या साइटवर फोनला रेंज न्हाई, म्हणून चिठ्ठी लिहायलेय. भारतदादा वाचून दाखवील.

मी मजेत हाय. तुझा गुडघा कसा हाय? दुखत असला तरी न्हाई म्हणशील, म्हणून दादालाच विचारते.

भूगर्भशास्त्राची डिग्री हाय, पण इथं जो तो विचारतो, हातानं काय काय येतं? कॉम्प्युटरवर नकाशा काढायला सांगितला, तिथं मी पहिल्याच दिवशी माती खाल्ली. आता सोबतची एक पोरगी संध्याकाळी शिकवायलीय. सहा महिन्यांत जमलं तरच नोकरी पक्की. जमंल गं, तू जिवाला घोर लावून घेऊ नको.

काल तर खरोखरची माती खाल्ली! बोअरमधून निघालेली चिमूटभर माती सरांनी दातांखाली धरायला लावली. किरकिरली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली.

लहानपणी भिंतीचे पोपडे खायचे, तवा तू फुंकणी घेऊन अख्ख्या झरी गावात माझ्यामागं पळायचीस. काल चिमूट तोंडात टाकायच्या आधी मी मागं वळून बघितलं.

तू नव्हतीस.

तुझी,
माती खाणारी बबी