न खेळलेली कार्डं

रविवार संध्याकाळ, नेरूळ

वाशीच्या ज्या दुकानात आम्ही कार्ड-गेम खेळतो, तिथे जुनी तगडी कार्डं वापरायला परवानगी मिळाल्यापासून सगळे आपापल्या कार्डांचा एकाच पद्धतीने जुळवलेला डेक खेळतात, पहिल्याच टर्नमध्ये गेम संपवणारा. आज समीरनेही तोच काढला. कॉलेजपासून आम्ही दोघंच हळू, अडवाअडवीचे डेक खेळायचो.

माझी पाळी आलीच नाही.

"जिंकायचं तर हाच लागतो रे," तो म्हणाला. खरंय. मग मला एवढं का लागलं?

हरल्यावर हातातली कार्डं उघडून दाखवायची आणि चहावर वाद घालायचा, ही आमची पद्धत. मी कार्डं मांडली. समीर तोवर दुसऱ्या टेबलावर गेलेला.

घरी आल्यावरही ती कार्डं वेगळीच ठेवलीत. डेकमध्ये परत मिसळायची, ती कुणाशी खेळायला?