सहाव्या वर्षी आलेली दाढ

मंगळवार, ता. १४

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. भावजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

तुझा लाडका भाचा भिंगऱ्या आठ वर्षांचा झाला, पण अजून एका जागी टेकत नाही. एडीएचडीच्या गोळीने शाळेत जरा बसतो, पण तिने भूक मरते, तोंड कोरडं पडतं, आणि संध्याकाळी असर उतरला की बिस्किटांवर नि गोड सरबतावर तुटून पडतो. ब्रश म्हणजे रोजची मारामारी. फेस माझ्या अंगावर आणि हा गॅलरीत. शेवटी मी नाद सोडला. दुधाचेच दात, पडायचेच आहेत, असं हे म्हणाले, सासूबाईही म्हणाल्या, आणि मला तेच ऐकायचं होतं.

काल घास चावेना म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तर त्यांच्या बोटाला चावला. त्या रागावल्या नाहीत. छोटा आरसा धरून म्हणाल्या, "ही अगदी मागची बघा. ही दुधाची नाही हो. सहाव्या वर्षी येते, कुठलाही दात न पडता, म्हणून कुणाला कळत नाही. ही जन्मभराची." तिला हे एवढं भोक. शुक्रवारी पूर्ण भूल देऊन बघणार आहेत. वाचली तर वाचली.

"बरेच दिवस दुखत असणार. बोलला नाही?"

बोलला ना ताई, त्याच्या पद्धतीने. डोकं भिंतीवर आपटायचा, शाळेत पोरांना ढकलायचा. सगळे म्हणाले, गोळी वाढवून घ्या. मीही तेच म्हणत होते. आणि रविवारी त्याने भरलेलं ताट उडवलं तेव्हा मी एक ठेवून दिली. डाव्या गालावर. दाढ डावीकडचीच आहे. किंचाळला आणि एकदम गप्प झाला, झोपेपर्यंत गप्प. मला वाटलं, चला, मात्रा लागू पडली.

आता माझा हात जवळ आला की तो गाल झाकतो. बाई म्हणतात, यापुढे रोज रात्री मोठ्या माणसाने स्वतः दात घासून द्यायचे, नाहीतर उरलेल्या दाढाही जातील. ह्यांची कायमची रात्रपाळी. माझ्याकडून तो घासून घेत नाही. सुट्टीत तुझ्या मांडीवर डोकं ठेवून तोंड उघडायचा, तू गाणं म्हणायचीस, आणि हा चूळ भरायचं विसरायचा.

तेव्हा तू ये. राहणं जमणार नसेल तर त्याला घेऊन जा. चार दिवसांसाठी नाही, वर्षभर. हे लिहायलाच बसले होते, खोकल्याचं उगाच विचारलं. आईने असं मागू नये, कळतं मला. पण काल घरी येताना त्याने विचारलं, "मावशी मारते का गं?" मी नाही म्हटलं. तर म्हणाला, "मग तिला दाखवतो."

उत्तर लिहीत बसू नकोस. ये.

तुझी हरलेली
छकुली