शिंपल्यातली देवी

प्रिय ताई,

फोन लावला का माह्या तोंडातून शब्दच निघत नाई, तुले माईतच हाय. म्हणून लिहून राह्यली. नववीत शाळा सोडल्यापासून पेन धरला नाई, अक्षराले हासू नको.

आपल्या कारंजा गावात सध्या संत्र्याले बहार आला हाय. संध्याकाळी हायवेवरच्या ट्रकच्या धुरातूनही तो वास येते, अन् मले वाटते, आपण झोपेतच चालून राह्यलो. बाबानं आपल्या मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात लग्नाच्या स्टेजसाठी नागपूरहून फायबरची मूर्ती आणली. पांढरीफटक बाई, मोठ्या शिंपल्यात उभी, अंगावर नावालेच कापड. मी मोबाईलवर पाह्यलं. व्हीनस म्हणतेत तिले. रोमन लोकाइची प्रेमाची देवी, समुद्राच्या फेसातून निघालेली. तू अन् मी तर समुद्र पाह्यलाच नाई. पण धुराची मशीन लावली, निळा लाइट सोडला, का ते पाण्यावरून आपल्याकडंच येऊन राह्यली असं वाटते. मी पडद्यामागं बसून तिलेच पाहत राह्यते. कोणी आवाज देल्ला तरी ऐकू येत नाई.

पहिल्याच लग्नात शेजारची भागीरथाआजी कडाडली, "काऊन रे मधुकर, लेकीसुनांसमोर हे उघडी बाई? अन् कपाळही भुंडं!" बाबा गोंधळले. मी हळूच म्हटलं, बाबा, हे प्रेमाची देवी हाय. ते माह्याकडं पाहतच राह्यले. मंग घरी गेले अन् तुह्या लग्नासाठी घेऊन ठेवलेला शालू घेऊन आले. तू प्रफुलभाऊजीसंग कोर्टात लग्न केलं अन् तिकडं सिंदी मेघे गावाले गेली, तवापासून त्याले कोणी हात लावला नव्हता. बाबानं तोंडात पिना धरून सोताच निऱ्या घातल्या. आईनं कुंकू लावलं.

मंग काय! बायाइले वाटलं, मोठी जागृत देवी हाय. ओटी भरायले रांग लागली. तांदूळ, खोबरं, ब्लाऊजपीस, सारा शिंपलाच भरला. एक म्हणे माहूरची, दुसरी म्हणे, "हट्, इतकी गोरी? हे वरतून कुठून तरी आली." मले हासू आवरेना. शेवटी आई गेली. ओटी भरता भरता पुटपुटली, "माह्या रक्षाची राह्यलीच." लेक सासरी निघते तवा आई भरते ना, तुही कोण भरणार होतं? बाबा बाजूलेच वायर गुंडाळत होते. तुहं नाव निघालं का ओरडतेत, तसे ओरडले नाई. वायर मात्र गुंडाळून झाल्यावर सोडली अन् पुन्हा गुंडाळली.

काल धाब्यावर एका ट्रकवाल्यानं बाबाले सहज विचारलं, लेकरं किती? तू गेल्यापासून ते "एकच पोरगी" म्हणतेत, अन् मी खाली पाहते. काल कप खाली ठेवला अन् म्हणाले, "दोघी. मोठी सिंदी मेघेले दिली." दिली म्हणाले, ताई. इतकंच सांगायचं होतं. दोघंही या.

तुहीच मुकी,
स्वीटी